दमणच्या मेस्ताचे सागवान

आमच्या कचेरीतली जुनी सागवानी टेबले गेल्या वर्षी पॉलिशला काढली. मशीनवाल्याने दोन दिवसांत वरचा थर खरवडून टाकला. शाईचे डाग गेले, तशी कडेची नक्षीही गेली. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा जुन्या जहाजांचे डेक आले, कारण तिथेही हाच घोळ होतो.

उन्हापाण्याने सागाची फळी करडी पडते. ते कुजणे नव्हे. सागात मुळातच तेल असते, त्यामुळे कूज सहसा लागत नाही. झिजवतो तो माणूसच. फळीच्या रेषांच्या दिशेने ब्रश घासत राहिले की मऊ भाग निघून जातो आणि कठीण रेषा बरगड्यांसारख्या वर येतात. म्हणून घासायचे ते आडवे, समुद्राच्या पाण्याने आणि हलक्या हाताने. मशीन फिरवणे हा शेवटचा उपाय. दर वेळी फळी पातळ होते, आणि एक दिवस खाली झाकलेले खिळे उघडे पडतात. गळती बहुधा दोन फळ्यांमधल्या सांध्यातून होते. तेव्हा जुनी भरती काढून तागाचा पीळ ठोकून बसवायचा आणि वर डांबर ओतायचे. काम कंटाळवाणे आहे, पण फळी वाचते.

आता आपल्या एका जहाजाविषयी. १७७२ मध्ये मराठा आरमाराने 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला; प्रत्यक्ष ताबा १७८३ मध्ये गेला. एका जहाजापायी सागाची राने गेली, म्हणा ना! आणि त्याच रानातल्या सागाचे दमणला एक फ्रिगेट बांधले गेले, 'दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया'. १८४३ मध्ये ते पाण्यात उतरले. देखरेख पोर्तुगीज अभियंत्याची, पण मुख्य मेस्त हिंदी होता. कागदोपत्री त्याचे नाव 'यादो सेमोजी' असे आहे. पोर्तुगीज कानांनी ऐकलेले नाव! तरी नोंदले गेले, हेही कमी नाही. पुढे डोलकाठ्या आणि शिडे चढवायला ते गोव्यात आणले, आणि २ फेब्रुवारी १८४५ रोजी इथूनच ते लिस्बनला निघाले. जुलैत पोचले.

१८७८ नंतर त्याच्या सफरी थांबल्या. १९६३ मध्ये लागलेल्या आगीत बराचसा भाग जळाला. उरलेला सांगाडा तेजो नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षे रुतून होता. १९९२ मध्ये तो वर काढला, तेव्हा दुरुस्तीला हात घालावा इतके लाकूड अजून शिल्लक होते. १९९८ च्या लिस्बन प्रदर्शनात ते नव्याने उभे राहिले. आता ते लिस्बनच्या समोरच्या तीरावर, कासील्याशला असते.

आमच्या कचेरीतली टेबले मात्र पावसाळ्यात फुगली. खण उघडायला आता दोघे लागतात.