बाली बेटावरील पांथशाळा

प्रवासाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ह्युएनत्संग किंवा इब्न बतूता उभा राहतो. तो रात्री कोठे निजला आणि त्याला पाणी कोणी दिले, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. आम्ही आज हाच प्रश्न बाली बेटावरील कुटा या किनाऱ्यासंबंधी विचारणार आहो. पाठीवर पिशवी टाकून जग हिंडणारे तरुण तेथे स्वस्त हॉस्टेलात उतरतात. एका खोलीत दुमजली खाटांच्या रांगा, समाईक न्हाणीघर, मधोमध एक लांब मेज. सकाळी एकटा आलेला मुलगा संध्याकाळी दहा सोबत्यांसह समुद्रावर असतो. ही मैत्री खोटी नव्हे. परंतु तिच्यातून एक माणूस हळूहळू वगळला गेला. तो म्हणजे यजमान.

हॉस्टेलाची कल्पना मूळची जर्मनीतली. रिशार्ड शिरमान नावाचा एक शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीस निघाला असता वादळात सापडला, आणि त्या सर्वांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, तेथे हिंडणाऱ्या मुलांची सोय का करू नये, असे त्याच्या मनात आले. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात असे निवासस्थान निघाले, आणि पुढे ही चळवळ देशोदेशी पसरली. कुट्याची कुळकथा मात्र वेगळी आहे.

कुटा हे मासेमारांचे आणि नारळीबागांचे गाव. बालीच्या लोकांच्या मते पर्वताकडची दिशा पवित्र आणि समुद्राकडची गौण. तरी परका माणूस या किनाऱ्यास नवा नव्हता. मॅड्स लांगे हा डॅनिश व्यापारी १८३९ पासून १८५६ साली मरेपर्यंत बालीत राहिला, आणि कुट्यातील त्याचे घर येणाऱ्या-जाणाऱ्यांस मोकळे असे. १९०६ साली डच सैन्य चालून आले, तेव्हा बादुंगचा राजपरिवार शरण न जाता मृत्यूस सामोरा गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत डच आगबोटींतून हौशी प्रवासी उतरू लागले. १९३६ साली बॉब आणि लुईस कोक या अमेरिकन जोडप्याने कुट्याच्या वाळूवर गवताने शाकारलेल्या झोपड्यांचे हॉटेल काढले. बॉब हवाईत लाटांवर फळीने तरंगण्याची विद्या शिकला होता. ती त्याने येथे आणली. १९४२ साली जपानी आले आणि ते हॉटेल संपले.

यापुढचा काळ भीषण आहे. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरविलेल्या माणसांची कत्तल झाली. वीस लाखांहून कमी वस्तीच्या बालीत सुमारे ८०,००० माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच १९६६ साली सानूर येथे जपानी युद्धभरपाईच्या पैशांतून दहा मजली हॉटेल उघडले. १९६९ साली कुट्याशेजारच्या विमानतळावर परदेशची जेट विमाने उतरू लागली. सरकारला धनिक प्रवासी हवा होता. १९७१ साली फ्रेंच सल्लागारांनी आखलेल्या योजनेत नुसा दुआ या ओसाड भागात श्रीमंत हॉटेलांची वेगळी वसाहत करावयाची होती.

पण योजना कागदावर असतानाच अनवाणी, केस वाढलेली, खिसा हलका असलेली मुले कुट्यात येऊन पोचली. आमच्या गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर जी मंडळी त्या काळी दिसत, त्यांचेच हे भाऊबंद. त्यांना मोठे हॉटेल परवडणारे नव्हते. मग कुट्याच्या कुटुंबांनी आपल्या अंगणात दोन-चार खोल्या बांधल्या. यालाच 'लोसमेन' म्हणत. डचांच्या 'लोजमेंट' या शब्दाचा हा बाली अवतार. बालीचे घर म्हणजे भिंतीने वेढलेले अंगण, त्यात सुट्या सुट्या पडव्या आणि कोपऱ्यात कुलदेवतांची देवळे. पाहुणा याच अंगणात राही. त्याच्या ओसरीवर चहाचा थर्मास येई, न्याहरीस केळी मिळत, आंघोळीस हौदातले पाणी आणि डबा असे. घरची बाई पानाच्या द्रोणात फुले-तांदूळ ठेवून नैवेद्य दाखवी, तोही त्याच्या देखत. घरी लग्न वा प्रेतसंस्कार निघाला तर तो त्याला टाळता येत नसे.

येथे आम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. नुसा दुआचे पहिले मोठे हॉटेल १९८३ साली उघडले. तोपर्यंत दहा-बारा वर्षे या फाटक्या पाहुण्यांचा पैसा कोणत्याही कंपनीच्या हातून न जाता थेट घरच्या बाईच्या हाती पडत होता. ज्यांना सरकारने मोजले नाही, त्यांनी गावाला रोजगार दिला.

पण या यशानेच घात केला. जमिनीला भाव आला, बाहेरचे भांडवल शिरले, अंगणे विकली वा भाड्याने गेली. हॉटेले, दुकाने आणि मद्यगृहे दाटली. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री कुट्यातील दोन रात्रगृहांपाशी बॉम्बस्फोट झाले आणि २०२ माणसे मेली. त्यांत परदेशी तरुण बहुसंख्य होते, तसे ३८ इंडोनेशियनही होते. त्यांपैकी एका रात्रगृहात इंडोनेशियन लोकांना पाहुणे म्हणून प्रवेश नसे, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. हत्येचे पातक मारेकऱ्यांचेच, यात शंका नाही. तरी ज्याच्या गावात आपण आलो त्यालाच दार बंद, ही स्थिती लोसमेनच्या अंगणापासून किती दूर गेली होती, ते यावरून कळते.

आजच्या हॉस्टेलात पाहुणा पाहुण्याशी बोलतो. गावचा माणूस तेथे असतो, पण बहुधा नोकर म्हणून. वर्षातून एक दिवस मात्र हे उलटते. बालीतही शक चालतो, आणि त्याचा नववर्षदिन 'न्येपी' आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतो. त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मंद. गावचे रखवालदार किनाऱ्यावर कोणास फिरकू देत नाहीत. हॉस्टेलातील सगळे तरुण मुकाट्याने आत बसतात. घर कोणाचे आहे, हे त्या दिवशी पाहुण्याला पुन्हा कळते, आणि आमच्या मते त्यात पाहुण्याचा अपमान मुळीच नाही.