कुवेतच्या परिचारिका आणि आपल्या घरची मेतापेलेत

मुंबई बंदरातून आखाताकडे जाणाऱ्या बोटी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. त्यांतली शेवटची 'द्वारका' १९८२ मध्ये बंद झाली. त्या काळी कुवेत मुंबईला परके वाटत नसे. १९६१ पर्यंत तिथे रुपयाच चालत होता.

१९४६ मध्ये कुवेतची तेलनिर्यात सुरू झाली आणि १९४९ मध्ये अमिरी हॉस्पिटल उघडले. स्थानिक मुली नर्सिंगमध्ये फारशा येत नसत, म्हणून परिचारिका बाहेरून आणल्या गेल्या. पुढे त्यांत केरळच्या मुली पुष्कळ झाल्या. कित्येकींनी आधी मुंबईच्या वॉर्डांत रात्रपाळ्या केल्या होत्या.

त्या का गेल्या? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. एवढी गरज असूनही पगार तुटपुंजा आणि समाजात मान कमी. कुवेतच्या दिनारात घरचे कर्ज फिटे, धाकट्या बहिणीचे लग्न होई. पण तिथला व्हिसा मालकाशी बांधलेला. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलणे कठीण. म्हणून पगार चांगला असला तरी ड्यूटीचे तास किती, रजा मिळते का आणि पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे, यावरही नोकरीतले समाधान ठरे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले. अनेकांची आयुष्यभराची शिल्लक मागेच राहिली. तरी युद्ध संपल्यावर पुष्कळ जण परत गेले.

२०१५ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. सरकारने भरतीचे शुल्क सुमारे १९,५०० रुपये ठरवले असताना काही दलाल कुवेतच्या नोकरीसाठी एकेका नर्सकडून कित्येक लाख उकळत होते. त्याच वर्षी भारताने ही भरती सरकारी संस्थांकडे सोपवली.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आलेली मेतापेलेत आहे. इस्राएलातही तिचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द ठरवली. पण कोर्टाच्या निकालाने दलालाचे कर्ज फिटत नाही. आपले पूर्वज मिसर देशात गुलाम होते, हे आपण दर पेसाहला मुलांना सांगतो. तेव्हा तिचा पासपोर्ट तिच्याच पिशवीत असावा आणि तिची सुटी तिला वेळेवर मिळावी. तोराने शब्बाथचा विसावा घरच्या चाकरालाही दिला आहे.