एनओसी अडवून हॉकी वाचत नाही
भोपाळची हॉकी कशानं बसली, या प्रश्नाला शहरात एक ठरलेलं उत्तर आहे: पोरं निघून गेली. मोहल्ल्यातल्या क्लबनं घडवायचं, आणि मिसरूड फुटायच्या आत रेल्वेनं, पोलिसांनी, तेल कंपन्यांनी नाहीतर अकादमीनं उचलून न्यायचं. आजार असा ठरला की औषधही ठरतं: एनओसी, म्हणजे क्लब सोडताना लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र, अडवा, निदान तीन वर्षं मुलाला बांधून ठेवा. फुटबॉल क्लबांचे सेक्रेटरीही हेच सांगतात.

या गाऱ्हाण्यात तथ्य आहे. मुलाला पहिली स्टिक, पहिले बूट, बाहेरगावच्या स्पर्धेचं भाडं क्लबनं दिलेलं असतं, बहुधा कुणाच्या तरी खिशातून. त्याचं नाव पेपरात येतं तेव्हा क्लबचा उल्लेखही नसतो. राग येणं साहजिक आहे. पण रागातून काढलेलं निदान भोपाळच्याच इतिहासापुढं टिकत नाही.

अहमद शेर खाँ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होते. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे भोपाळचे दोघे १९४८ मध्ये लंडनला भारताकडून सुवर्णपदक जिंकले, आणि १९५६ मध्ये मेलबर्नला पाकिस्तानच्या रौप्यविजेत्या संघात दिसले. शहर सोडून जाण्याचा याहून टोकाचा दाखला मिळायचा नाही. खेळाडूंच्या जाण्यानंच रोपवाटिका मरत असती, तर ती तेव्हाच मरायला हवी होती. पण त्यानंतर इनाम-उर-रहमान १९६८ मध्ये मेक्सिकोला गेले. अहमद शेर खाँ यांचे चिरंजीव अस्लम शेर खाँ १९७२ मध्ये म्युनिकला खेळले. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पराभव समोर दिसत असताना ते बदली खेळाडू म्हणून उतरले, पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला, आणि भारत पुढं विश्वविजेता झाला. म्हणजे फाळणीनं माणसं नेली तरी मागून पोरं येतच राहिली.

घसरण दिसू लागली ती नंतर, आणि त्यामागं एक कारण आहे ज्याचा एनओसीशी काडीचा संबंध नाही. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. तोवर हा खेळ कुठल्याही मोकळ्या मैदानावर शिकता येत होता. चेंडू कुठं उसळेल याचा भरवसा नसलेल्या जमिनीवरच ते मनगट तयार व्हायचं. टर्फवर वेग वेगळा, चेंडू थांबवायची रीत वेगळी, दमसास वेगळा. टर्फ अंथरणं हे वर्गणीवर चालणाऱ्या क्लबचं कामच नव्हे. तेव्हा मुलगा टर्फ असेल तिथं जाणार. याला बेइमानी म्हणायचं?

दुसरी गोष्ट भोपाळकरांना जरा टोचेल. ज्या शहराची पोरं पळवली जातात म्हणून ओरड आहे, ते शहर स्वतःही दुसऱ्यांची पोरं आणतं. विवेक सागर प्रसाद इटारसीजवळच्या गावचा. अकोल्याच्या एका स्पर्धेत अशोककुमारांची, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाची, नजर त्याच्यावर पडली आणि तो भोपाळच्या राज्य अकादमीत आला. नीलकांत शर्मा तर थेट मणिपूरहून. टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदक विजेत्या हॉकी संघात दोघेही होते. इटारसीनं आणि मणिपूरनं एनओसी अडवली असती, तर आपण त्याला क्लबनिष्ठा म्हटलं असतं की अडवणूक?

पोरं गावातच राहिली तर काय होतं, हे पाहायचं असेल तर कोल्हापूरला जावं. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस या फुटबॉल संघांचं गाव: तिथं आपल्या तालमीसाठी खेळण्यात इभ्रत आहे, शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं. पण २०१७ चा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे घडला. कोल्हापूरच्या प्रेमात खोट नाही. पण गर्दी आणि निष्ठा यांनी वरच्या पायरीचं प्रशिक्षण मिळत नाही.

मग क्लबनं नुसतं देतच राहायचं का? नाही. इथं फुटबॉलनं हॉकीपेक्षा शहाणपण दाखवलं आहे. फिफाच्या नियमानं आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले पाच टक्के, खेळाडूला बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत सांभाळणाऱ्या क्लबांत वाटले जातात: पहिल्या चार वर्षांसाठी दरसाल पाव टक्का, नंतर अर्धा. शिवाय पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई वेगळी. हॉकीत मात्र २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीतसिंगवर ७८ लाखांची बोली लागली, तरी अशा रकमेत लहानपणच्या क्लबचा वाटा धरलेला नसतो. भांडायचं तर यासाठी भांडावं.

फुटबॉलचा नियमही रामबाण नाही, हे कबूल. आपल्याकडं बरेच खेळाडू करार संपल्यावर मोकळे होऊन जातात, म्हणजे बदलीची रक्कम शून्य आणि शून्याचे पाच टक्केही शून्यच. म्हणून देशांतर्गत भरपाई ही क्लबांची खरी मागणी हवी. ती करण्यासाठी मूल कोणत्या तारखेला आलं, कोणत्या मोसमापर्यंत खेळलं, याची संघटनेकडं नोंद लागते. एनओसीचा कागद कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या किती क्लबांनी बारा वर्षांच्या पोराची नोंदणी वेळेवर केली आहे?