बदलीबरोबर येणारा हक्क

सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे संसार बांधून नव्या गावी नेता येतो. मुलाचा शाळाप्रवेश मात्र तेथे पुन्हा नव्याने मागावा लागतो. मूल अपंग असेल तर ही मागणी किती जड होते, हे लखनौच्या इंदिरा नगरात बिऱ्हाड करून राहिलेल्या आम्हां मराठी नोकरवर्गाला निराळे सांगावयास नको. ज्या कायद्याने हे ओझे काहीसे हलके केले त्याचा पूर्वेतिहास आम्हांस म्हणूनच जिव्हाळ्याचा वाटतो.

प्रारंभी हे शिक्षण केवळ दानधर्माचे होते. मुंबईत माझगाव येथे 1885 मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली. त्यानंतर दोनच वर्षांनी ॲनी शार्प बाईंनी अमृतसरला अंधांची शाळा काढली. 1903 मध्ये ती डेहराडूनजवळ राजपूर येथे, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांतात आली; शाळेचीच बदली झाली म्हणावयाचे! या संस्थांचे उपकार थोर आहेत. परंतु त्यांच्या आवाराबाहेर त्या मुलाला कसलाच अधिकार नव्हता. प्रवेश मिळाला तर ती कृपा. नाकारला तर दाद कोठे मागावयाची?

स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे हीच स्थिती राहिली. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांतून शिकविण्याची केंद्राची योजना 1974 मध्ये आली खरी. पण ती योजना होती. योजना आणि कायदा यांतील अंतर फायली हाताळणाऱ्यांस ठाऊक असते. तरतूद संपली की योजना थांबते, आणि तिच्या नावाने कोणी न्यायालयात जात नाही. तो आधार 1995 च्या अधिनियमाने दिला. 7 फेब्रुवारी 1996 पासून तो अंमलात आला आणि अठरा वर्षांपर्यंतचे शिक्षण विनामूल्य देण्याची जबाबदारी सरकारवर पडली. मात्र त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. वाचता-लिहिताना अडखळणारे मूल त्यांत बसत नव्हते. ते ‘मठ्ठ’ ठरे.

2016 च्या अधिनियमाने हे प्रकार एकवीस केले व अध्ययन-अक्षमतेलाही त्यांत स्थान दिले. त्यातील दोन कलमे आमच्यासारख्या परप्रांतस्थांनी मुद्दाम वाचावीत. 58 व्या कलमान्वये अपंगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. नागपूरचा कागद लखनौतही चालतो. 17 व्या कलमात सरकारांनी योजावयाच्या उपायांत परीक्षेसाठी अधिक वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशा तिहेरी कोंडीत सापडलेल्या मुलाला ही सूट केवढी मोलाची! खुद्द बदलीविषयीही कार्मिक विभागाने 6 जून 2014 रोजी ज्ञापन काढले होते. अपंग पाल्याचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्यास, प्रशासकीय अडचण नसल्यास, नेहमीच्या फेरबदल्यांतून सूट मिळू शकते. पुढील शिक्षणाचा प्रश्न असेल तर याच लखनौत मोहान रस्त्यावर डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विश्वविद्यालय असून तेथील निम्म्या जागा अपंग विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत.

इतके असूनही कायदा अखेर टेबलामागच्या माणसाच्या हाती असतो. 12 सप्टेंबर 2021 रोजी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा झाली. मुंबईत कांदिवलीच्या केंद्रावर डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीस हक्काचा जादा तास नाकारून तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वर्षीच्या 23 नोव्हेंबरला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती बोपण्णा यांनी निकाल दिला. केंद्रावरील कोणाचा दुष्टावा होता असे आम्हांस वाटत नाही. नियम ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसलेला नियम नाकारणे हाच पुष्कळ कचेऱ्यांचा शिरस्ता. न्यायालयाने ती सबब मानली नाही. दोष परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवर ठेवला, केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना या हक्कांचे शिक्षण नियमितपणे द्यावे असे बजावले, आणि झालेल्या अन्यायाचे निवारण कसे करावयाचे याचा विचार आठवड्याच्या आत करण्यास यंत्रणेला सांगितले. फेरपरीक्षेची विनंती मात्र मान्य झाली नाही.