घाटातली त्रिज्या : कर्जत-खालापूर आणि वर्तुळाकार गतीचं गणित

आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतली काही मुलं थोडी नाराज दिसतायत. इतिहासाच्या व्याख्यानाला आलो आणि इथे गणित निघालं! पण गणित फार नाही. एकच सूत्र आहे, आणि ते तुम्ही शाळेत पाठ केलेलं आहे. एकसमान वर्तुळाकार गतीतल्या वस्तूचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. दिशा केंद्राकडे.

पुस्तकातलं उदाहरण साधारण असं सुरू होतं : ‘एक आगगाडी अमुक त्रिज्येच्या वळणावरून अमुक वेगाने जात आहे.’ त्रिज्या दिलेली असते. आपण ती उचलतो, सूत्रात टाकतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारतो. ती त्रिज्या कुणी ठरवली, कशासाठी ठरवली, हे विचारायची पद्धत नाही. आज आपण तेवढंच विचारू. त्यासाठी लांब जायला नको, पळसदरीपर्यंत गेलं तरी पुरे.

१८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. घाटावर खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला बोरघाट मोकळाच होता. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, १८३० साली बांधलेल्या घाटरस्त्याने डोंगर चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्यापुढे प्रश्न होता तो हे अंतर रुळांनी जोडण्याचा. घाटाच्या कामाला १८५६ मध्येच सुरुवात झाली होती. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. तो बघायला बर्कली उरला नाही, आदल्या वर्षीच इंग्लंडमध्ये वारला.

आता आकडे बघा. चढणीची लांबी जवळपास १६ मैल. उंची चढायची १,८३१ फूट. सगळ्यात तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोगदे २५. आणि सगळ्यात तंग वळणाची त्रिज्या १५ साखळ्या. साखळी म्हणजे मोजणीदाराची, ६६ फुटांची. तेव्हा १५ साखळ्या म्हणजे ९९० फूट, सुमारे ३०२ मीटर. आपल्या उदाहरणातला ‘r’ हाच.

हा आकडा बर्कलीला कुणी आयता दिलेला नव्हता. त्रिज्या मोठी घेतली तर वळण सौम्य होतं, गाडी सुरक्षित राहते. पण सह्याद्रीच्या सोंडेला वळसा घालताना त्रिज्या वाढवली की रूळ डोंगराच्या पोटात तरी शिरतात, नाहीतर दरीवर तरी लोंबतात. म्हणजे एक बोगदा वाढला किंवा एक पूल वाढला. आणि तो काळ्या पाषाणात हाताने पहार मारून, सुरुंगाची दारू ठासून फोडायचा. कामाच्या ऐन भरात, १८६१च्या सुमारास, या घाटात चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. कॉलऱ्याने आणि तापाने ती किती गेली याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. कंत्राटदारांनाही घाट सोपा गेला नाही. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्याकडून काम गेलं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल आला तो काही आठवड्यांतच दगावला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःच्या नावावर चालवलं आणि पूर्ण करून दिलं. सूत्रात छेदस्थानी ‘r’ लिहितो ना आपण, ती त्रिज्या थोडी वाढवायची किंमत इथे माणसांनी मोजली आहे. मला तरी हे उदाहरण सोडवताना त्यांची आठवण येते.

शिंगरोबाचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल, खोपोलीहून घाट चढताना. साहेबाला वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली, असं लोक सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नका. पण शेळ्या-मेंढ्यांमागे हिंडणाऱ्याला डोंगराची वळणं मोजणीदाराच्या आधी ठाऊक असणार, यात नवल नाही.

एका जागी तर बर्कलीला वर्तुळ जमलंच नाही. चढण फार न वाढवता गाडीचं तोंड फिरवायला पुरेशी त्रिज्या मावेल एवढी सपाट जागाच नव्हती. मग त्याने काय केलं? वळलाच नाही! तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी सरळ आत यायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि शेपूट पुढे करून गाडी निघायची. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते बंद केलं. पुढे वर्षभराने हा मार्ग विजेवर आला.

आता उदाहरण सोडवू. घाटात गाडी ताशी ३० किलोमीटरने जाते असं धरा. पहिली चूक इथेच होते. मुलं ३०चा वर्ग करून मोकळी होतात. आधी ३.६ने भागा. सेकंदाला ८.३३ मीटर. वर्ग ६९.४. भागिले ३०२. त्वरण आलं ०.२३ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. फार नाही. पण ते देणार कोण? सपाट रुळावर बाहेरचा रूळ चाकाच्या कडेला आत रेटतो, म्हणजे घासत राहतो. म्हणून बाहेरचा रूळ उचलून घ्यायचा. रेल्वेची माणसं याला ‘कॅन्ट’ म्हणतात. किती उचलायचा? आपल्या रुंदमापी मार्गासाठी सूत्र वापरतात : १७५० गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १२७ गुणिले त्रिज्या. उत्तर मिलिमीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये.

हे १२७ कुठून आले? मी हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला, बहुतेकांनी ‘असतात तसे’ असंच सांगितलं. अहो, ३.६चा वर्ग १२.९६. त्याला ९.८१ने गुणा. १२७ येतात! म्हणजे ते शाळेतलंच सूत्र आहे, फक्त एककं आधीच बदलून ठेवलीत, गँगवर उभ्या माणसाला भागाकार करायला लागू नये म्हणून. १७५० म्हणजे दोन्ही रुळांच्या माथ्यांच्या मध्यांमधलं अंतर. आणि गाडीचं वस्तुमान? ते कुठेच नाही. भरलेली मालगाडी असो की रिकामी, कॅन्ट तेवढाच.

आकडे टाकले तर ३०च्या वेगाला ४१ मिलिमीटर येतात. वेग दुप्पट केला, ६० केला, तर १६४. वर्गाचा हा परिणाम डोळ्यांनी दिसतो. आणि आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर कॅन्टची कमाल मर्यादा १६५ आहे. म्हणजे १५ साखळ्यांच्या वळणावर ६०ला पूर्ण तोल साधायचा तर मर्यादा संपली. शिवाय त्याच रुळावरून मालगाडीही जाते, हळू. तिच्यासाठी एवढा कॅन्ट जास्त होतो, जास्त भार आतल्या रुळावर येतो. म्हणून मधला आकडा घेतात आणि वेगाला बंधन घालतात. पुस्तकातलं उत्तर एक असतं, रुळावरचं उत्तर तडजोडीचं.

या सूत्राचा जनक ख्रिस्तियान हायगेन्स. त्याने १६५९ मध्ये ते मांडलं आणि १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावरच्या पुस्तकाच्या शेवटी, सिद्धता न देता, छापलं. तो बाहेर फेकणाऱ्या बलाबद्दल बोलत होता, गाडीत बसलेल्याला जाणवतं तसं. केंद्राकडे ओढणारं, अभिकेंद्री, हा शब्द न्यूटनचा. गाडीच्या बाहेर उभं राहून बघितलेलं. परीक्षेत या दोघांची सरमिसळ केली की गुण जातात.

नेरळही कर्जत तालुक्यातच. माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. पैसा आदमजी पीरभॉय यांचा, काम पाहिलं मुलगा अब्दुल हुसेन याने. रूळ फक्त दोन फूट रुंद, चढ २०ला १पर्यंत, आणि त्रिज्या ६० फुटांपर्यंत उतरलेली, म्हणजे अठरा मीटर. ताशी १२ किलोमीटर धरा. त्वरण येतं ०.६२. वेग बोरघाटाच्या निम्म्याहून कमी आणि त्वरण पावणेतीन पट! लहान गाडी म्हणून गणित सोपं होत नाही. तीन जोड्यांची चाकं ताठ आसांवर असती तर ती एवढ्या वळणात अडकलीच असती. म्हणून तिथल्या वाफेच्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे, थोडे आडवे सरकणारे आस होते.

प्रश्नोत्तरांआधी एक काम देतो. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात वडा घ्या आणि दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून खिडकीजवळ टांगा. चढताना वळणावर बघा. दोरा डब्याच्या जमिनीला काटकोनात राहिला, तर गाडी त्या वळणाच्या कॅन्टला अगदी साजेशा वेगाने चालली आहे. आतल्या बाजूला कलला तर हळू, बाहेर कलला तर जोरात. सिग्नलला गाडी वळणावर थांबली तर दोरा कुठे जाईल, ते आधी वहीत लिहून ठेवा आणि मग बघा.