रुक्मिणीचे माहेर आणि मालपेचे खांब

कौंडण्यपूरच्या मुलांना रुक्मिणीची गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. अंबिकेच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला रथात बसवून नेले, आणि तिच्या माहेरची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, हे घरातच कळते. पण ही गोष्ट आपल्या वर्धेकाठावरून पार कर्नाटकच्या समुद्रापर्यंत पोचली आहे, हे मला नोकरीसाठी बंगळुरूला आल्यावर समजले.

उडुपीजवळ मालपे बंदरासमोर सेंट मेरी बेटे आहेत. तिथले खडक म्हणजे कुणी तासून उभे केल्यासारखे पाच-सहा बाजूंचे खांबच. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून तुटत असताना, इथे लाव्हा थंड झाला. थंड होताना तो आकसला आणि तडकला. उन्हाळ्यात कपाशीच्या रानाला पडणाऱ्या भेगा आठवा. रानातले पाणी आटते, इथली उष्णता गेली. आपली काळी मातीही लाव्ह्याचा खडक झिजूनच झाली. मात्र तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे मालपेच्या खडकापेक्षा धाकटा.

१४९८ मध्ये वास्को द गामाने इथे मेरीच्या नावाचा स्तंभ उभारला, त्यावरून बेटांना नाव पडले, असे सांगतात. याच किनाऱ्याची दुसरी कथा मध्वाचार्यांची, म्हणजे तेराव्या शतकातली. द्वारकेत रुक्मिणी ज्या बाळकृष्णाची पूजा करी, ती मूर्ती गोपीचंदनाच्या गोळ्यात दडून एका गलबतातून आली. मालपेसमोर गलबत वादळात सापडले. आचार्यांनी किनाऱ्यावरून वस्त्र हलवून ते वाचवले आणि बक्षीस म्हणून फक्त तो गोळा मागितला. तोच उडुपीचा श्रीकृष्ण.

कथा म्हणजे पुरावा नव्हे. १९६० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी कौंडण्यपूरला उत्खनन केले, त्यात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले, रुक्मिणीचा महाल नाही. तरी माणसांनी कुठवर नाते जोडले, ते कथाच सांगते. उडुपीच्या रांगेत मी रुक्मिणीच्या माहेरची म्हटल्यावर शेजारच्या आजींनी हात जोडले. मग गावाचे नाव दोनदा विचारले. त्यांना कौंडण्यपूर ठाऊक नव्हते, आणि आपल्याला उडुपी म्हटले की डोसाच आठवतो.

सर, मॅडम, एक विनंती. पुढच्या वर्गांना काळी माती शिकवाल, त्या दिवशी मालपेच्या खांबांचा फोटो दाखवा. आणि रुक्मिणीहरण सांगाल, तेव्हा गोष्ट द्वारकेला थांबवू नका.