सिएरा-४ : नकाशात नसलेली खूण

८ ऑक्टोबर २००१. इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर सकाळचे आठ वाजून गेले आहेत आणि दाट धुके अजून हटलेले नाही. काही ठिकाणी तर शंभर मीटरपलीकडचेही दिसत नाही. कोपनहेगनला निघालेले स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८७ जातीचे विमान ११० जणांना घेऊन धावपट्टीच्या दक्षिण टोकाकडे निघाले आहे. पश्चिमेकडील छोट्या विमानांच्या तळावर सेसना कंपनीचे एक खासगी जेट पॅरिसला जाण्यासाठी सज्ज आहे. त्यात चौघे आहेत.

विमान स्वतःच्या चाकांवर तळापासून धावपट्टीपर्यंत नेणे याला 'टॅक्सी करणे' म्हणतात. प्रवाशाच्या लेखी हा कंटाळवाणा भाग. परंतु विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात जमिनीवरच घडला आहे. १९७७ मध्ये टेनेरीफ बेटावर दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. तिथली मुख्य चूक निराळी होती. पण तिथेही धुके होते आणि तिथेही एका विमानाने सांगितलेले वळण मागे टाकले होते.

लिनातेच्या पश्चिम तळावरून दोन मार्ग फुटतात. आर-५ उत्तरेकडे जातो आणि धावपट्टीच्या टोकाबाहेरून वळसा घालून मुख्य तळावर पोहोचतो. आर-६ दक्षिणेकडे वळतो आणि थेट धावपट्टीला छेदतो. सेसनाला सूचना मिळाली ती आर-५ ने उत्तरेकडे जाण्याची आणि धावपट्टीच्या वाढीव भागाजवळील थांबरेषेवर पोहोचताच कळवण्याची. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली. आर-५ बरोबर आले, मात्र 'उत्तरेकडे' आणि 'वाढीव भाग' हे शब्द त्यातून गळले. ते कोणी दुरुस्त केले नाही. सेसना आर-६ वर वळले.

वळण चुकले ते वैमानिकांचे, यात शंका नाही. इतक्या कमी दृश्यमानतेत विमान चालवण्याची पात्रताही त्यांच्याकडे नव्हती आणि तसे कोणी तपासलेही नव्हते. तरीही या घटनेचा खरा गाभा पुढच्या एका संवादात आहे. धावपट्टीला आडव्या चाललेल्या त्या वैमानिकाने आपण कोठे आहोत हे स्वतःहून कळवले : सिएरा-४ जवळ येत आहोत. नियंत्रकाने पुन्हा विचारले. उत्तर तेच आले, धावपट्टीजवळ, सिएरा-४.

सिएरा-४, म्हणजे एस-४, ही अक्षरे खरोखरच जमिनीवर रंगवलेली होती, आर-६ वर, धावपट्टीच्या अलीकडे. पण विमानतळाच्या अधिकृत नकाशात ती नव्हती आणि मनोऱ्यातील नियंत्रकाला त्या नावाची खूण कोठे आहे हे ठाऊक नव्हते. सेसना आर-५ वरच आहे, असे गृहीत धरून त्याने आधी थांबण्यास आणि मग मुख्य तळाकडे पुढे जाण्यास सांगितले. समोर तांबड्या दिव्यांची थांबरेषा पेटलेली होती. ती सदैव पेटलेलीच असे. मनोऱ्यातून ती विझवण्याची सोयच नव्हती. पुढे जाण्याची परवानगी कानावर पडलेल्या वैमानिकांनी ती ओलांडली.

मनोऱ्याला धुक्यापलीकडचे दाखवू शकेल असे जमिनीवरील रडार १९९९ च्या अखेरीस बंद झाले होते आणि त्याच्या जागी आणलेली नवी यंत्रणा सुरू झालेली नव्हती. धावपट्टीत शिरणाऱ्याची चाहूल देणारे संवेदकही बंद ठेवलेले होते. शिवाय उड्डाण घेणारे विमान वेगळ्या लहरीवर बोलत होते, त्यामुळे दोन्ही विमानांना एकमेकांचे बोलणे ऐकू येणे शक्य नव्हते.

सिएरा-४ चा उल्लेख झाल्यानंतर सुमारे दोन मिनिटांनी, ८ वाजून १० मिनिटांनी, एमडी-८७ चे पुढचे चाक जमिनीवरून उचलले जात असतानाच ते सेसनावर आदळले. उजवे इंजिन तुटून पडले. जेमतेम बारा सेकंद ते हवेत राहिले, मग कोसळले आणि धावपट्टीपलीकडील सामानाच्या इमारतीत घुसले. दोन्ही विमानांतले सर्वजण आणि इमारतीतील चार कामगार, एकूण ११८ जण मृत्युमुखी पडले. मनोऱ्यातून यातले काहीही दिसले नाही. सेसनाचे अवशेष तर बराच वेळ धावपट्टीवरच पडून होते. दुसरे विमानही होते, हे बचाव पथकांना उशिराच उमगले.

२००४ मध्ये इटलीच्या चौकशी संस्थेचा अहवाल आला. पुसट झालेल्या खुणा, आंतरराष्ट्रीय निकषांत न बसणाऱ्या पाट्या, नकाशात नसलेली अक्षरे, सारे त्यात नोंदवलेले आहे. त्याच वर्षी मिलानच्या न्यायालयाने नियंत्रकासोबतच विमानतळाच्या आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या वरिष्ठांनाही दोषी ठरवले. नियंत्रकाची चूक मान्य करूनही त्याला एकट्यालाच जबाबदार धरले गेले नाही. २००३ मध्ये युरोकंट्रोलने धावपट्टीवरील अनधिकृत प्रवेश रोखण्यासाठी युरोपीय कृती आराखडा काढला होता. वैमानिकांच्या नकाशांत घोटाळ्याच्या जागा ठळकपणे दाखवण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

विमानतळालगतच्या फोर्लानिनी उद्यानात आज बीच वृक्षांची एक राई आहे. झाडे ११८ आहेत.